गुडघ्याच्या गोळ्या फेकल्या

आई,

गाढ झोपला होतात, म्हणून न उठवताच कामावर निघालेय. अल्सरची गोळी उशाशी आहे, ती उपाशीपोटी घ्या आणि थोड्या वेळाने मऊ भात खा. शौचाला काळं झालं तर लाजू नका, लगेच फोन करा.

गुडघ्याच्या गोळ्या मी फेकल्या. पोटातली जखम त्या गोळ्यांमुळेच झाली, असं डॉक्टर म्हणाले. गुडघे दुखले तर शेक घ्या.

घरकामासाठी मला नोकरी सोडावी लागू नये, म्हणून तुम्ही त्या गुपचूप गिळत होतात, हे काल दवाखान्यात ऐकलं आणि मला रडूच आलं.

मी नोकरी सोडत नाहीये. कपडे आजपासून तुमचा लेक वाळत घालेल. दोरीवर चादर चुरगळलेली दिसली तरी उठायचं नाही, माझी शपथ आहे.

तुमची सून