मोजे घातलेली ज्वारी

ती. मरियाआक्का हिस,

धाकटा भाऊ एलिया याचा पारनेरहून सलाम. ऑपरेशन केलेला गुडघा आता वाकतो का, वाकला तर परत सरळ होतो का, आणि तुझ्या केविनच्या घरचं जेवण अजून तितकंच अळणी आहे का, ते कळव. इकडे मी बरा आहे. रक्तदाबाची काहीच तक्रार नाही, कारण मी तो मोजायचं सोडून दिलं आहे. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि या हकिगतीत मुद्दा जरा उशिरा येतो.

तर, तुझी ज्वारी. केविनकडे शेवगावला जाताना गाडीची काच खाली करून तू बजावलंस, की विहिरीकडच्या ओळी बियाण्याच्या आहेत, आईपासून चालत आलेली गूळभेंडी आहे, बाजारात त्या नावाने मिळते ती ही नव्हे, तेव्हा हुरड्याला एक कणीस मोडायचं नाही. बी राहिलं तर पुढच्या पेरणीला मी येणार, नाहीतर केविन म्हणतो तसं शेत वाट्याने देऊन त्याच्याकडेच राहीन, असंही म्हणालीस. (तू ते हसत म्हणालीस. मला काही हसू आलं नाही.) मी मान डोलावली. त्या वेळी कणसं पोटरीतून नुकती बाहेर पडली होती, त्यामुळे मान डोलवायला काही कष्ट पडले नाहीत.

पुढे दाण्यात दूध भरलं आणि माझी झोप गेली. तुला माहीत आहे, हुरडा म्हटलं की माझं कसं होतं. नेमका त्याच रविवारी पाळकसाहेबांनी इंद्रियदमनावर उपदेश केला. त्यांची नजर सारखी माझ्या बाकाकडे येत होती (माझ्यामागे घड्याळ आहे, हे नंतर लक्षात आलं). घरी येताना शेजारचा पुंजाराम बांधावर भेटला, त्याला सांगितलं, की यंदा माझं इंद्रियदमन चालू आहे. त्याने गंभीरपणे विचारलं, "दमनी घेतली व्हय गुरुजी? मग बैल कुटून आनले, घोडेगावच्या बाजारातनं?" दमणी म्हणजे बैलांची हलकी गाडी नव्हे, मनाला आवरणं, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. समजल्यावर तो म्हणाला, "ह्ये अवघड हाय. गाडीच बरी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोवऱ्या, लिंबं आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन हजर. म्हणे, लागली तर असावी.

आता मी चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस. इच्छा होते म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहायची याहून चांगली संधी कुठली? मोबाईलवर मी एक प्रयोग पाहिला होता. लहान मुलांपुढे मिठाई ठेवायची आणि सांगायचं, आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. जी पोरं थांबली ती काही फार सद्गुणी नव्हती, आक्का. त्यांनी फक्त मिठाईकडे पाठ फिरवली, डोळे झाकले, गाणी म्हटली. मी म्हटलं, हे आपल्याला जमेल. मग रोज सकाळी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून ज्वारीकडे पाठ करून बसू लागलो आणि मोठमोठ्याने भजनं म्हणू लागलो. गुण आला. तोंडाला सुटलेलं पाणी तिसऱ्या कडव्यापर्यंत आटायचं. पण रस्त्यावरची माणसं टेम्पो थांबवून 'कोण वारलं' म्हणून विचारायला लागली, तेव्हा गाणं बंद करून डोळे मिटून मौन धरलं. ते तर फारच उत्तम साधलं. इतकी शांतता मला पेन्शन सुरू झाल्यापासून लाभली नव्हती.

पाखरांनाही लाभली नव्हती. पुंजाराम ओरडत आला तेव्हा मी वळून पाहिलं. विहिरीकडच्या निम्म्याहून जास्त ओळी भुंड्या झालेल्या, आणि उरलेल्यांवर पोपटांची पंगत बसलेली. "तुमी गात हुता तवर एक पाखरू फिरकलं न्हाई," पुंजाराम म्हणाला, "तुमी गप झाला आन् त्येंला वाटलं, मालकानं परवानगी दिली." मी स्वतःला इतका आवरून बसलो होतो, की राखण करायची आहे हेच विसरलो. खरं सांगतो, तिथेच खाली बसलो आणि रडू आलं. ज्वारीसाठी नव्हे. तू काच खाली करून बोलली होतीस, ते आठवलं.

मग उरलेली कणसं झाकायला घरात मिळेल ते कापड शोधलं. माझे शाळेतले मोजे पेटीत पडून होते, ते एकेका कणसाला चढवले. तुझी ज्वारी सध्या कवायतीला निघालेल्या वर्गासारखी उभी आहे. मोज्यांच्या आत दाणा पिकत गेला, टणक झाला, आणि एका सकाळी मला हुरडा आठवलाच नाही. याचं मला फार नवल वाटलं. मी काहीच जिंकलं नव्हतं, नुसती वेळ टळली होती. हुरड्याचे दिवस थोडे असतात, ते गेले की दाणाही जातो आणि खावंसं वाटणंही. तेव्हापासून एकच विचार मनात घोळतो आहे. माणसाला घरी परत यावंसं वाटतं, त्याचंही असंच होतं का?

सूनबाई हेलनला आशीर्वाद. पाळकसाहेब तुझी आठवण काढतात.

तुझा,
एलिया

ता. क. मोज्यांतलं बी पेरणीपुरतं पुरेल, काळजी नसावी.

आणखी ता. क. एक मोजा फाटका निघाला. त्यातलं कणीस पाखरांच्या हाती पडण्यापेक्षा भाजून पाहणं मला शास्त्रीयदृष्ट्या योग्य वाटलं. पुंजारामची चटणी लागली.

शेवटचं ता. क. तुझा गुडघा पक्का होईपर्यंत तिथेच राहा, घाई करू नको, असं या पत्रात लिहायचं मी केविनला कबूल केलं होतं. वर लिहायचं राहिलं. आता लिहायला घेतलं तर हात वळत नाही. तेवढं दमन माझ्याच्याने होणार नाही, आक्का. काठी टेकत ये, केविनच्या खांद्यावर हात टाकून ये, पण ये.