तू घालायला लावलेलं गाऱ्हाणं

आये गो,

काल शिमग्याची पालखी आपल्या अंगणातून पुढे गेली आणि भिकूतात्या मागे थांबले. देवापुढे नारळ धरून घराघराचं गाऱ्हाणं घालणारे तात्या. तू आजारी होतीस त्या शिमग्यापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. काल त्यांनी जे सांगितलं, ते तुला विचारल्याशिवाय राहवत नाही.

आठवतं ना? केमोनं केस गेलेले, डोक्याला रुमाल बांधून तू पायरीवर बसलेलीस. तात्यांनी आवाज लावला, "बा म्हाराजा, ह्या घरच्या बाईला कॅन्सरनं गाठलंय. औषधाला पैसा पुरत नाय. तिला वाट दाखव रे म्हाराजा!"

सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" त्यात माझ्या वर्गातल्या रसिकाचाही आवाज होता. माझे कान तापले.

"ओ तात्या, भिकारी आहोत काय आम्ही? घरातलं दुखणं चारचौघांत कशाला मांडता?"

ढोल थांबले. तू एवढंच म्हणालीस, "बाबू, गप रे." मी कसला गप बसतोय!

दुसऱ्या दिवसापासून माणसं पाकिटं घेऊन आली. मी बेड्यातूनच, अंगणाच्या फाटकावरूनच परत पाठवली. रसिकाचे बाबा, आंबा कॅनिंगच्या कारखान्याचे नंदूशेठ, म्हणालेसुद्धा, "अरे, तुला नाय देत, वहिनींना देतोय." मी म्हटलं, "आम्हाला गरज नाही!" केवढा तो रुबाब! त्यांचे पैसे घेतले तर उद्या कुठल्या तोंडानं रसिकाला मागणी घालू, हे माझ्या डोक्यात. आये, तुझं इंजेक्शन अडलं होतं आणि मी सासरा जपत होतो!

केमो सरकारी योजनेत बसली. पण ते महागडं इंजेक्शन, मुंबईच्या खेपा, तिथलं राहणं? बाबांनी कर्ज काढलं, मोहोरावरच आंब्याची कलमं कराराने देऊन टाकली. मे महिन्यात तुला आंबा खावासा वाटला, तर करारवाल्याकडून आपलेच आंबे मी विकत आणले. तू एक हुंगलास आणि म्हणालीस, "हा विहिरीकडच्या कलमाचा." वर हसलीस! मला कुठं बघावं कळेना.

काल तात्या म्हणाले, "येड्या, तुझ्या आयशीनंच सांगितलं होतं मला. म्हणाली, माणसांकडं मागायला जीभ उचलत नाय, देवाकडं मागते. तुमी फक्त जरा मोठ्यानं बोला."

मोठ्यानं! म्हणजे वाडीला ऐकू जावं म्हणून! आणि वाडीनं ऐकलंही होतं गो.

मला एकदा तरी का नाही सांगितलंस? घाबरलीस मला? "तुझा राग आधी येतो, तू मागनं येतोस," असं म्हणायचीस. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तरी शेवट तोच झाला असता. असेल. पण तुझे ते महिने तरी थोडे सुखाचे गेले असते.

कॉलेज तुझ्या आजारपणामुळे सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तू ऐकून घेत होतीस. रसिकावरून वर्गात मारामारी केली आणि तणतणत निघून आलो, हे तुला ठाऊक होतं ना? नक्की होतं.

तुझ्या उपचारांचं कर्ज फेडायला बाबा या वयात दुसऱ्याच्या बागेत फवारणीला जातात. उद्या मी नंदूशेठकडे जाणार आहे. रसिकाचं लग्न ठरलंय. ती तिथंच ऑफिसात हिशेब बघते. असू दे. तिच्यासमोर सांगेन, "काका, तेव्हा चुकलो. आमच्याकडे पैसे नव्हते. आताही नाहीत. मला कामावर घ्या." ते नाही म्हणाले, चार शब्द सुनावले, तरी ऐकून घेईन. आवाज चढवणार नाही, शब्द देतो.

तुझा लाजलेला,
बाबू