नेल्फीच्या भुवईचे टाके

प्रिय मिरेयाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र चुलीत टाकलं नाहीस, असं धरून लिहिते.

आमच्या नेल्फीच्या, म्हणजे तुझ्या नावडत्या मेहुण्याच्या, भुवईला बेसबॉल खेळताना चेंडू लागला. भारीच शूर! कॅचरचा मुखवटा काढून झेल घ्यायला पळाला आणि चेंडू बसला कपाळावर. दवाखान्यात टाके घातले, आठवड्याच्या आत काढायला या म्हणाले. पण त्याच रविवारी आमचं पाल्मारितो जिंकलं! आमचं जिंकणं म्हणजे कोंबड्याने अंडं घालणं, हे तुला ठाऊकच आहे. मग पुढचा सामना जिंकलो, त्याच्या पुढचाही. झालं, गावाने ठरवलं की हे सगळं टाक्यांचं पुण्य. जिंकत असताना आपल्याकडे खेळाडू मोजेसुद्धा धुवत नाहीत, तिथे टाके कोण काढू देणार?

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणतात, "अगं, फायनल तर होऊ दे!" त्यांचा मुलगा संघात आहे. पाद्रीबाबांकडे तक्रार नेली, तर त्यांनी टाक्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. सांतो दोमिंगोहून वार्ताहर आला, त्याने नेल्फीचा नाही, टाक्यांचा फोटो काढला.

इकडे कातडी दोऱ्यावर चढलीय, खाली पू झालाय, भुवई टम्म फुगून डोळा अर्धा मिटलाय. खाज सुटली की बैलासारखा दाराच्या चौकटीला कपाळ घासतो. काल कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांच्या मांगूवर मिठाऐवजी साखर घेतली आणि "छान झालंय" म्हणाला. मी ओरडले, तर म्हणतो, "चेंडू एकच असतो गं, एक डोळा पुरे." मी हसले, आणि मग मागच्या अंगणात जाऊन खूप रडले. ताई, मला फार भीती वाटतेय.

रविवारी फायनल आहे, तुमच्याच गावाशी, बोका होंदाशी. आमच्या गावात कात्री उचलायची कुणाची छाती नाही. तू नर्स, शिवाय आम्ही हरावं असं तुला मनापासून वाटतं. तुझ्यासारखं माणूस मला कुठे मिळणार? शनिवारी कात्री-चिमटा घेऊन मागच्या दाराने ये. चषक तुम्हीच न्या, मला नवरा दोन डोळ्यांचा हवाय. मी त्याला धरते, तू काप. नंतर मात्र जेवून जा. "पाल्मारितोचा जावई आपल्या घरात नको" म्हणत माझ्या लग्नात तू अर्ध्या ताटावरून उठलीस, ते ताट मी अजून विसरले नाही.

तुझीच धाकटी,
युडेल्का