गेणबा पाचव्या भागात कुठे आहे

पुणे, ६ फेब्रुवारी १९८४

चि. रत्नास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. रेडिओवरील ‘शततारका’ ही श्रुतिका-माला पाच वर्षांपूर्वी संपली. तीत अंतराळयानाचा वृद्ध यंत्रज्ञ गेणबा अखेरपर्यंत जिवंत आहे. पुढे त्याच कथेवर कादंबऱ्या निघू लागल्या. त्यांतील चौथ्या भागात, पृष्ठ ११२ वर, इंजिनखोलीतील धुराने छाती भरून गेणबा मरतो. ही विसंगती अक्षम्य आहे, हे मी पूर्वीच कळवले होते. कादंबरीतला गेणबा रेडिओवरच्यापेक्षा माणसासारखा वाटतो, एवढ्यावर तू लेखकाला सगळे माफ करतेस. असो. माझे मत ठाम आहे: वाद पडल्यास छापील मजकूर प्रमाण.

आता कालचा रविवार. आबांनी मला आनंदाने सांगितले, की चौथ्या भागात गेणबाने खोकत खोकत यान दुरुस्त केले. मी तोंड उघडणार, तोच बस चुकेल म्हणून तू मला उठवलेस. बसला पाऊण तास अवकाश होता. आबांची दृष्टी गेल्यापासून पुस्तके तूच वाचून दाखवतेस. तेव्हा तू पाने गाळलीस, की तुझी प्रत सदोष आहे? निष्काळजी वाचन मी माझ्या विद्यार्थ्यांनाही क्षमा करत नाही.

आबांच्या छातीचे दुखणे कसे आहे, ते कळव. रागावलो तरी माया उणी नाही, हे जाणतेसच.

तुझा,
जयसिंग


चांदे, ९ फेब्रुवारी १९८४

ती. दादांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. पाऊण तासाचं वाचून हसू आलं. तुम्ही घड्याळ बघितलं असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझी प्रत चांगली आहे. पान ११२ शाबूत आहे.

आबांनी पंधरा दिवस औषध तोंडाला लावलं नव्हतं. तुम्हाला कळवलं नाही, ही माझी चूक. चौथा भाग वाचत होते त्या दिवशी पुस्तकातला गेणबा खोकायला लागला, तसे आबा उठून बसले. म्हणाले, ह्यो गडी माज्यावानीच खोकतुया, बगू काय करतोय. तीस वर्षं भट्टीच्या धुरात काढलीत त्यांनी, दादा. मी पान उलटलं, तर पुढं गेणबाचं मरण छापलेलं. मग पुस्तकात बघत मनचंच वाचत गेले. गेणबानं काढा घेतला, भिंतीला पाठ टेकून पाना फिरवला, यान सुरू केलं. आबांनी आपणहून बाटली मागितली. तेव्हापासून रोज घेताहेत. डॉक्टर म्हणतात, दिवस थोडेच आहेत, पण औषधानं श्वासाला त्रास कमी होईल.

आता आबा हटून बसलेत, की पाचवा भाग तुम्हीच वाचायचा. म्हणतात, रत्नी मायेनं वाचती, जयसिंग येक अक्षर हिकडचं तिकडं करत न्हाई. गेणबाचं खरं काय झालं ते त्योच सांगंल. पाचव्या भागाच्या पहिल्याच पानावर गेणबाची शोकसभा आहे. छापलंय तेच वाचणार असाल, तर या रविवारीही येऊ नका आणि पुढच्याही.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला.

तुमची,
रत्ना


पुणे, १४ फेब्रुवारी १९८४

चि. रत्नास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझे पत्र चारदा वाचले. छापील वाक्य मी आजवर बदलून वाचलेले नाही. आबांना ते ठाऊक आहे, आणि नेमके त्याच विश्वासावर ते मला बोलावत आहेत. हे मला फार जड गेले.

गेल्या रविवारी आलो नाही, कारण काम अपुरे होते. शोकसभा मी काढून टाकली आहे. परंतु मेलेला माणूस परत आणला, की त्याला काम द्यावे लागते. पाचव्या भागात तो नसल्याचे एकोणीस उल्लेख आहेत. त्याच्या जागी नेमलेला नवा यंत्रज्ञ मी त्याच्या हाताखाली दिला. डकवलेल्या कागदाची करकर आबा ओळखतील, म्हणून सारे पेन्सिलीने ओळींमध्येच लिहिले आहे.

तुझा मजकूर मात्र ढिसाळ आहे. यानात चूल नाही. काढा उकळला कुठे? तरीही आता तोच प्रमाण मानणे भाग आहे. म्हणून लिही: पाना कोणत्या हातात होता, काढा कोणी दिला, यान सुरू झाल्यावर गेणबा काय बोलला, आणि त्याचा खोकला थांबला, असे तू वाचलेस का? हे शेवटचे नीट आठव. तू तसे म्हटले नसशील, तर मीही म्हणणार नाही.

येत्या रविवारी येतो. दारात कानाशी लागून सांगू नकोस. आबांची दृष्टी गेली आहे, कान नव्हेत. उत्तर शनिवारच्या टपालाने, लेखी, माझ्या हाती पडलेच पाहिजे.

तुझा,
जयसिंग