तपकिरी खोके

बाई, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मला तुमचा राग आलाय. रविवार आहे, चिक्कीचा कारखाना बंद, घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसलेय. पॅकिंगमधल्या तुमच्या खुर्चीत आता मी बसते. अठरा बायका हाताखाली. निम्म्या माझ्या आईच्या वयाच्या, निम्म्या माझ्या लेकीच्या. थोरल्यांना वाटतं मी पोरींना डोक्यावर चढवलंय, पोरींना वाटतं मी म्हाताऱ्यांचे लाड करते. पंखा लावला की एकीचे गुडघे धरतात, बंद केला की दुसरी रुसते. तेवढं मी निभावलं असतं हो. पण गेल्या आठवड्यात साहेबांनी एक नाव मागितलं. चूक कोणाची झाली, ते नाव. जिचं नाव जाईल तिची नोकरी गेली.

आपल्या पॅकिंगमधली मावशी आठवते ना? मला तो दिवस अजून दिसतो. मी नवी, विशीचीही नाही, जिभेला हाड नसलेली. मावशी खोका उलटा धरून चिक्की भरत होती आणि मी सगळ्यांदेखत हसले, "मावशे, अक्षरं डोक्यावर उभी हायत की गं!" तुम्ही मला दंडाला धरून गुळाच्या कढईपाशी नेलंत. तुम्ही भिसेगावच्या, मास्तरांच्या घरातल्या, तुमचा आवाज कधी चढायचा नाही. "तिला वाचता येत नाही," म्हणालात. "रंगावर ओळखते ती. लाल खोका शेंगदाण्याचा, हिरवा काजूचा. आजपर्यंत एकही चुकलेला नाही. हे मला माहीत होतं, आता तुला. तिसऱ्या कानाला कळलं तर माझ्याशी गाठ आहे." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही तिचा हात धरून सही गिरवून घेताय आणि मी शेजारी मान खाली घालून भाकरी खातेय.

यंदा नवे साहेब आले. पोरगा वाईट नाही, पण घाई फार. त्यांनी खोके बदलले. सगळे तपकिरी, दिसायला झकास, आणि चिक्कीचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं. मोबाईलच्या ग्रुपवर फोटो टाकला, पोरींनी अंगठे दाखवले. थोरल्यांपैकी तिघींकडे तसला मोबाईलच नाही. अंगठा मीही दाखवला, बाई. मावशीची आठवणसुद्धा झाली नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, आणि नेमकी तेव्हाच डोक्यातून गेली. माझी अक्कल मेली कुठे गेली होती!

मावशीची सून मावशीच्याच टेबलावर भरलेले खोके तपासायला बसते. बारावी झालेली, चुणचुणीत, मीच बसवली. दोघी एकाच टेंपोतून येतात. खोके बदलल्यापासून ती रोज सकाळी गुपचूप रिकाम्या खोक्यांचे गठ्ठे लावून ठेवायची, काजूचे सासूच्या डाव्या हाताला, शेंगदाण्याचे उजव्या. मला वाटायचं पोरीला टापटिपीची आवड आहे. चूक झाली त्या मंगळवारी मीच तिला अर्धा दिवस कॉम्प्युटर शिकायला वर ऑफिसात धाडली. इकडे कोणीतरी गठ्ठे इकडचे तिकडे सरकवले. कूट करून केलेली चिक्की, काजूची काय नि शेंगदाण्याची काय, दिसायला सारखीच. शेंगदाण्याची सगळी काजूच्या खोक्यांत गेली. सून परत आली तोवर खोके चिकटवून झाले होते. त्यातले चार फोडून बघायचे आणि मग सही करायची, असा नियम. तिने न फोडता केली. नंतर माझ्याकडे रडली, "सगळ्यांसमोर सासूचे खोके कशी फोडू ताई? सगळ्यांना कळलं असतं, त्यांना वाचता येत नाय म्हणून." तो माल मुंबईला गेला. एका लहान मुलाला शेंगदाणा चालत नव्हता, त्याचा घसा सुजला, दवाखान्यात न्यावं लागलं. वाचलं लेकरू. ते वाचलं नसतं तर, बाई?

थोरल्या म्हणतात, "सासूच्या डोक्यावर सुनेला बसवलीस, मंग दुसरं काय व्हनार?" पोरी म्हणतात, "ताई, मावशींना आता घरी बसवा ना, दिसत नाय त्यांना." मावशी सगळ्यांना सांगतेय, "चष्म्याचा लंबर वाढलाय गं." आणि सांगताना माझ्याकडे बघतेय. तिचं नाव दिलं तर कसं चुकलं ते विचारणार, आणि या वयात सगळ्या कारखान्यापुढे ते बाहेर येणार. माझं नाव द्यावं तर धीर होत नाही. मी काय करू, बाई? तुम्ही तिला सहीपुरतंच का शिकवलंत? पुढची चार अक्षरं गिरवून घेतली असती तर काय बिघडलं असतं? आणि हे ओझं माझ्या गळ्यात कशाला घातलंत? मला नाही पेलत. तुमच्यावर ओरडतेय, पण एवढ्या वर्षांत मी तरी कुठे शिकवलं तिला! रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारीच बसते ती.

हा कागद लेक यायच्या आत गॅसवर जाळणार आहे. म्हणून आता खरं लिहिते. काय करू म्हणून विचारलं ते खोटं. नाव मी काल दुपारीच दिलंय. सुनेचं. साहेबांनी तिला आत बोलावलं तेव्हा मी दाराशी उभी होते. गठ्ठे, मंगळवार, मी तिला वर धाडलं ते, सगळं तिला सांगता आलं असतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "ताई, सासूबाईंना सांगा, मीच काम सोडलं." ती तोंड उघडणार नाही, हे मला ठाऊक होतं, बाई. म्हणूनच तिचं नाव दिलं.