माझ्या पश्चात साहेबांचा वेग

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय सत्त्याहत्तर, धंदा घड्याळ दुरुस्ती (आता बंद), राहणार याच घरात, दुसरा मजला, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आज वार कोणता आणि महिना कोणता हे विचारलं. मी दोन्ही सांगितलं आणि वर त्यांच्या दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय हेही सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढे काही न विचारता दाखला लिहिला. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली किंवा गोड बोलण्याला भुलून करत नाही. गोड बोलणारं या घरात कोणी नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आता करण्याचं कारण असं, की मध्यंतरी मला जरा चक्कर आली आणि मी डोळे मिटून पडलेलो असताना चिरंजीव शेजारच्या खोलीत आपल्या बहिणीला म्हणाले, "बाबांच्या मागे तो रेकॉर्ड प्लेअर एकदा नीट करून घेऊ. साहेब बिचारे किती वर्षं रेंगाळत वाजवतायत." मी ताबडतोब बरा झालो. माझ्या पश्चात घराचं काय व्हायचं ते होवो, पण साहेबांचा वेग कोणी बदलता कामा नये. खरं तर एवढं एकच कलम मला लिहायचं होतं. वकील म्हणाले, एका वस्तूचं मृत्युपत्र बरं दिसत नाही, म्हणून बाकीची कलमं घातली आहेत.

कलम १. साहेबांविषयी. साहेब म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे साहेब. त्यांना नावगाव होतं, पण आम्ही ऐकणाऱ्यांनी ते कधी वापरलं नाही. वकिलांनी विचारलं, "हे गृहस्थ तुमचे वारस आहेत का?" मी म्हटलं, मी त्यांचा वारस आहे. ते त्यांनी लिहून घेतलं नाही, म्हणून मी इथे स्वतः लिहीत आहे.

मी घड्याळाच्या दुकानात काम शिकत होतो तेव्हा समोरच्या न्हाव्याच्या रेडिओवर साहेब प्रथम ऐकले. माझ्या चिमट्यात एका मनगटी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग होती. क्लॅरिनेट खालून वर चढलं, वर जाऊन थांबलं, आणि माझा हात सैल पडला. ती स्प्रिंग अजून सापडलेली नाही. मालकांनी मला दिवसभर जमीन झाडायला लावलं. मी आनंदाने झाडली, कारण दाराशी झाडताना रेडिओ जास्त चांगला ऐकू येत होता. पुढे मी साहेबांची पहिली रेकॉर्ड घेतली तेव्हा माझ्याकडे प्लेअर नव्हता. मी ती रोज कव्हरातून काढून पाहायचो आणि परत ठेवायचो. आई शेजारणींना सांगायची, मुलगा चांगला आहे, फक्त ताटलीशी बोलतो.

लग्न झालं त्या वर्षी बंद पडलेल्या एका हॉटेलातून हा प्लेअर आणला. स्वतः उघडला, साफ केला, आणि हातात घड्याळ धरून त्याचा वेग लावला. बिनचूक लावला. एकदा तपासलेलं मी परत तपासत नाही, कारण मग पहिल्यांदा तपासण्यात अर्थ काय?

कलम २. राहतं घर, आतल्या सामानासह, माझ्या पत्नीला पूर्ण मालकीहक्काने. मुलांनी तिला "आमच्याकडे राहायला चल" असा आग्रह करू नये. तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काही सापडत नाही आणि मग ती सगळं नव्याने लावते.

कलम ३. दुकान चिरंजीवांना. तिथे ते आता मोबाइल दुरुस्त करतात आणि चांगले करतात, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललेलो नाही, बोलणारही नाही. दुकानावरची घड्याळ दुरुस्तीची जुनी पाटी त्यांनी काढली तरी चालेल. मात्र त्यांनी साहेबांच्या रेकॉर्डी संगणकात घालून त्यांचा वेग "बरोबर" केला आणि माझ्या वाढदिवसाला मला भेट दिला, तो प्रकार परत करू नये. मी तो अर्धा मिनिट ऐकला. साहेबांच्या मागे कुत्रं लागल्यासारखं वाटलं.

कलम ४. माझी सर्व हत्यारं, म्हणजे चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच आणि डोळ्याला लावायचं भिंग, कन्येला. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते, तिला भिंगाची गरज नाही. पण या घरात वस्तू घेतली की जागेवर ठेवणारी ती एकटीच आहे. तिच्यावर माझ्याकडून एक अन्यायही झाला आहे असं तिचं म्हणणं आहे. लहानपणी ती साहेबांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून क्लॅरिनेट शिकली आणि मी तिला मोठ्या हौसेने वादकांच्या क्लासला घातलं. तिथले मास्तर दुसऱ्याच महिन्यात मला भेटायला आले. म्हणाले, "मुलीला सूर आहे, पण बाकीच्यांचा धडा संपतो तेव्हा ही निम्म्यावर असते. घरी काही दुखणं आहे का?" मी त्यांना चहा न देता परत पाठवलं.

कलम ५. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाईंना दारातलं जाड पायपुसणं. साहेब वाजू लागले की त्या जमिनीवर काठी आपटत. काठीखाली हे पायपुसणं घातल्यास आवाज मऊ येईल. इतक्या वर्षांत त्या तालात आपटायला शिकल्या, याची मी दखल घेतो.

कलम ६. माझे साडू. हे वीज कंपनीत मीटर वाचायचे, आणि माणसांनाही त्याच नजरेने वाचतात. आम्ही त्यांना मीटरवाले म्हणतो. साहेब एकदाच आमच्या शहरात वाजवायला आले तेव्हा आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गेलो. मी नवा शर्ट शिवला होता. साहेब वाजवू लागले आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो. ते घाईत होते. जिथे श्वास घेऊन थांबायचं तिथे थांबत नव्हते. मला वाटलं, त्यांना गाडी गाठायची असेल. पहिली चीज संपली, टाळ्या थांबल्या, आणि मी उभा राहून म्हणालो, "साहेब, सावकाश होऊ द्या. आम्हाला कुठे जायचं नाही."

साहेबांनी कपाळ पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो, सावकाश वाजवायला दम लागतो. तुमच्यासाठी बघतो प्रयत्न करून." त्यांनी पुढची चीज सावकाश घेतली. अर्ध्यावर त्यांचा दम संपला, क्लॅरिनेटमधून बदकासारखा आवाज निघाला, आणि सगळ्यात मोठ्याने साहेब स्वतः हसले. साहेबांशी माझं जन्मात झालेलं बोलणं एवढंच. ते गेले त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, जवळचे होते का? मी हो म्हटलं.

साडूंना मात्र त्या मैफलीत मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी ते रेषा आखलेली एक कागदी तबकडी घेऊन घरी आले. ती फिरत्या प्लेअरवर ठेवून दिव्याखाली पाहायची. वेग बरोबर असेल तर रेषा एका जागी उभ्या दिसतात. माझ्या प्लेअरवर त्या मागे मागे सरकत गेल्या. साडू म्हणाले, "तुमचा प्लेअर हळू आहे. लग्नापासून तुम्ही चुकीचे साहेब ऐकताय." मी म्हणालो, "मी गावाची घड्याळं लावतो. तुमचा कागद चुकीचा छापलाय." ते म्हणाले, उघडून बघा. मी म्हणालो, आधी तुम्ही दार उघडून बाहेर बघा. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. सबब, त्यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळू नये.

कलम ७. सदर रेकॉर्ड प्लेअर व साहेबांच्या सर्व रेकॉर्डी पत्नीला द्याव्यात आणि वेगाच्या स्क्रूला तिने कोणाला हात लावू देऊ नये, असं मी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. वकील म्हणाले, अट घालण्याआधी बाईंना विचारा. ही गोष्ट मला सुचली नव्हती.

ती खिडकीशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

"मला नको तो," ती म्हणाली.

"नको म्हणजे?"

"जागा अडते. आणि ते क्लॅरिनेट मला कधीच आवडलं नाही. सर्दी झालेला माणूस बोलतोय असं वाटतं."

मी चष्मा काढून परत लावला. "अगं, रोज जेवण झालं की माझ्याबरोबर बसून ऐकायचीस की."

"बसायचे. ऐकत होते असं कोण म्हणालं?"

"बरं, नको ऐकूस. पण त्या स्क्रूला कोणाला हात लावू देऊ नकोस, एवढं तरी कबूल कर."

"तो कधीच लावून झालाय," तिने दोरा दाताने तोडला. "मीच लावलाय. तुम्ही जेवलात की एक बाजू ऐकायचात आणि ती संपली की लगेच चपला घालून दुकानात. दिवसभरात तेवढेच काय ते बसलेले दिसायचात. तुम्हीच मला दाखवलं होतंत ना, हा स्क्रू इकडे फिरवला की हळू होतं. मग केलं हळू."

"एकदम?"

"एकदम कसं करीन? तुमचा कान किती तिखट. अधूनमधून केसभर फिरवायचा. वर्षभरात हवं तेवढं झालं, मग सोडून दिलं."

"आणि साडू तबकडी घेऊन आले तेव्हा?"

"सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तुम्ही तो सरळ केला असतात."

वकील म्हणतात, मृत्युपत्रात संभाषण लिहीत नाहीत. पण हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं. मला राग यायला हवा होता. मी बराच वेळ त्याची वाट पाहिली, तो आला नाही. ज्याने उभा जन्म दुसऱ्यांची वेळ लावली, त्याच्या घरातली वेळ त्याच्या बायकोने त्याच्याच स्क्रूड्रायव्हरने लांबवली आणि त्याला पत्ता लागला नाही. तेही न आवडणारं वाद्य रोज जास्त वेळ सोसून. मला फार बरं वाटलं, आणि या घरात मी किती घाईत राहिलो याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी प्लेअर लावलाच नाही. नुसता तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. तिने दोनदा शिवणावरून मान वर केली.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"मग असे बघत काय बसलाय? लावा ते तुमचं काहीतरी. मला सुई ओवता येत नाहीये."

मी लावलं. साहेब सावकाश वर चढले आणि तिची सुई ओवली गेली.

सबब, सदर प्लेअर व रेकॉर्डी पत्नीला बिनशर्त. तिने त्या वाजवाव्यात, विकाव्यात किंवा माळ्यावर टाकाव्यात. स्क्रू सरळ करायचा की आणखी फिरवायचा, हा अधिकार सर्वस्वी तिचा. माझा हट्ट मी मागे घेत आहे आणि चिरंजीवांनीही आपला घ्यावा.

कलम ८. साक्षीदारांविषयी. पत्नीचं म्हणणं पडलं की मीटरवाल्यांना बोलावून खरं काय ते सांगावं. वकिलांना विचारता समजलं, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे कलम ६ शी तंतोतंत जुळतं. त्यामुळे मी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, अन्य कोणताही अर्थ काढू नये. साक्षीदाराच्या पत्नीलाही काही मिळत नाही म्हणे, आणि मेहुणीला तर मला लंबकाचं घड्याळ द्यायचं होतं. म्हणून ते मी जिवंतपणीच देत आहे. त्यांनी आज जाताना घेऊन जावं आणि आडवं धरू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी पत्नीच्या सांगण्यावरून खोडून, राजीखुशीने सही करत आहे.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे. रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर.

(सही) लिहून ठेवणार, घड्याळवाले

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. दवाखान्यातलं घड्याळ दुरुस्त करून मिळालं.

साक्षीदार दुसरे: (सही) साडू. लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. त्या वेळी रेकॉर्ड चालू होती. वेग कमी होता. मी काही बोललो नाही.