बाहेरचा बाक

ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "तेव्हा तुझी काय दातखीळ बसली होती?" नाही गं. बैठक सुरू होताच मीच सांगून टाकलं, की जिथले ट्रक बंद करायचे का हे या बैठकीत ठरायचंय, त्याच रस्त्यावर माझी सख्खी बहीण राहते आणि भाच्याला दमा आहे. आम्हा संशोधकांना हे आधी सांगावंच लागतं. निर्णय घेणारे साहेब म्हणाले, "मग तुम्ही फक्त आकडे द्या, सल्ला नको."

मी धुराचे आकडे दिले. "दमा या धुरानेच होतो का?" त्यांनी विचारलं. "दाट शक्यता आहे, खात्री नाही," मी म्हणाले, कारण तेवढंच खरं होतं. साहेबांचा चेहरा लगेच निवळला. "निर्णय तुमचा," असं नेहमीसारखं म्हणून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत चहा गेला. ट्रक चालूच राहिले.

खोटी खात्री दिली असती तर ट्रक कदाचित थांबलेही असते. माझं चुकलं असं अजूनही वाटत नाही, आणि हे लिहिलं खरं, पण तुला पाठवायची हिंमत नाही.

म्हणून रविवारी स्वतःच येतेय. बेल वाजवून दाराबाहेर उभी राहीन. निर्णय तुझा.

तुझीच,
धाकटी